दरपत्रकात न लिहिलेले भाग

जालना शहराच्या मस्तगड भागातील एका शाळेने आपल्या संगणक कक्षासाठी दहा नवे संगणक घ्यायचे ठरवले. रीतसर तीन दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता तयार केला आणि सही होण्यापूर्वी तो आम्हा काही विज्ञानशिक्षकांसमोर ठेवला. मुख्याध्यापकांचे म्हणणे अगदी सरळ होते. "यंत्र दहा वर्षे चालले पाहिजे. एवढी लोकवर्गणी पुन्हा जमायची नाही."

आम्ही तिन्ही दरपत्रके लक्षपूर्वक वाचली. प्रत्येकात चार गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: प्रोसेसर, रॅम, साठवणूक आणि पडद्याचा आकार. पाचव्या ओळीत 'कॅबिनेट एसएमपीएससह' एवढाच उल्लेख होता. मदरबोर्डापुढे 'सुयोग्य' असा शब्द होता. तिन्ही दरांत फरक होता तो या शेवटच्या दोन ओळींमुळे, आणि नेमक्या त्याच ओळींत सांगण्यासारखे काहीही सांगितलेले नव्हते.

दरपत्रक हेही एक लेखन आहे. त्याचीही समीक्षा करता येते आणि करायला हवी, असे आमचे मत आहे. संगणक किती वेगाने चालेल हे त्यात लिहिलेल्या भागांवर ठरते, पण तो किती वर्षे चालेल हे बहुतांशी न लिहिलेल्या भागांवर ठरते, हा या लेखाचा मुद्दा आहे.

बंद पडलेल्या यंत्रांची साक्ष

त्याच शाळेच्या कोठीत जुने संगणक निर्लेखनाची वाट पाहत धूळ खात पडले होते. आम्ही एका शनिवारी ते उघडून पाहिले. कोठे एसएमपीएस जळालेला होता, कोठे मदरबोर्डावरील धारित्रे फुगलेली होती, कोठे पंखा धुळीने जाम झाला होता, तर काहींच्या हार्ड डिस्क गेल्या होत्या. एकाही यंत्रातील प्रोसेसर जळालेला नव्हता. म्हणजे ज्या भागाचे नाव पाहून खरेदी झाली होती तो शाबूत होता, आणि ज्यांच्याकडे कोणी पाहिले नाही त्यांनी सगळे यंत्र बसवले होते.

हा अनुभव केवळ आमचा नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली शाळांमध्ये 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश संगणक आणले. पुढील काही वर्षांत असे सुमारे बारा हजार संगणक देशभरातील शाळांना वाटले गेले. दोन मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट स्मृती असलेले ते यंत्र मजबूत होते. आजही जगभरचे छंदिष्ट ते जपून ठेवतात. पण जुना बीबीसी मायक्रो हाती आला की जाणकार माणूस तो लगेच चालू करत नाही. आधी त्याच्या विद्युतपुरवठ्यातील धारित्रे बदलतो, कारण जुनी झालेली ती धारित्रे तडकून धूर सोडतात. चार दशकांनंतर प्रोसेसर ठणठणीत आणि काही रुपयांचे धारित्र निकामी!

दुसरी गोष्ट मालकीची. शाळांमधील माहिती तंत्रज्ञानाची केंद्र पुरस्कृत योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांत ती 'बूट' पद्धतीने राबवली गेली. म्हणजे कंत्राटदाराने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा आणि नंतर शाळेकडे सोपवायचा. शाळा यंत्रांची मालक झाली ती सहाव्या वर्षी, म्हणजे हमी संपल्यावर. विक्रेत्याच्या दृष्टीने जेथे यंत्राचे आयुष्य संपते तेथे शाळेच्या दृष्टीने ते सुरू होते. हा फरक दरपत्रकात कोठेच दिसत नाही.

वेगाची भीती आता जुनी झाली

यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'संगणक पाच वर्षांत जुनाच होतो. मग टिकाऊ भागांवर खर्च कशाला?' १९९० च्या दशकात हा आक्षेप खरा होता. १९९३ मध्ये बाजारात आलेला पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा होता आणि मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचे प्रोसेसर आले. सात वर्षांत सोळा पटींहून अधिक वाढ झाली. १९९५ चे यंत्र २००० साली खरोखरच निरुपयोगी वाटे.

पण २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि गाडी अडली. त्यानंतरच्या वीस वर्षांत घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांचा कमाल वेग सहा गिगाहर्ट्झच्या आसपास गेला, तोही थोडा वेळ टिकणारा. दोन दशकांत दुप्पटही नाही. कारण उष्णतेचे आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण त्यांना लागणारे व्होल्टेज त्या प्रमाणात कमी करता येईना. वेग वाढवला की नखाएवढ्या जागेत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढणे अशक्य होऊ लागले. म्हणून उत्पादकांनी वेगाऐवजी गाभ्यांची संख्या वाढवली. लेखन, गणिती तक्ते, प्रोग्रॅमिंगचे धडे, नकाशे आणि चित्रफिती या शाळेच्या कामांना दहा वर्षांपूर्वीचे चांगले यंत्रही आज पुरते. यंत्र जुने होण्याआधीच मोडते, ही आजची अडचण आहे.

मोडलेले यंत्र टाकून देणे ही साधी बाब नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३-०४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, १७ इंची जुन्या काचनळीच्या पडद्यासह एक संगणक तयार करण्यासाठी किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत होते. आजचे पडदे वेगळे आहेत, त्यामुळे आकडे बदलतील. पण चालू न करताच त्या यंत्राने केवढे पाणी पिऊन टाकले, हे जालन्यासारख्या टँकरची सवय असलेल्या गावात वेगळे सांगायला नको.

फळ्यावर करण्याजोगे गणित

आता त्या न लिहिलेल्या पाचव्या ओळीकडे वळू. एसएमपीएस घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. त्याचे आयुष्य मुख्यतः त्यातील विद्युतअपघटनी धारित्रांवर, म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या भाषेत कपॅसिटरवर, अवलंबून असते. या धारित्रात एक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू वाळत जातो. प्रत्येक धारित्रावर कमाल तापमान छापलेले असते, ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला ते किती तास टिकेल हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे.

मार्च-एप्रिलमध्ये जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोलीत ४० अंश आणि पेटीच्या आत त्याहून २५ अंश जास्त धरले, तर धारित्राभोवती ६५ अंश तापमान होते. शाळा दिवसाला ६ तास याप्रमाणे वर्षाला २२० दिवस यंत्र वापरते असे समजू. म्हणजे वर्षाला १३२० तास.

२००० तासांचे, ८५ अंशांचे धारित्र: ८५ ते ६५ हे २० अंशांचे अंतर, म्हणजे दोनदा दुप्पट. २००० × ४ = ८००० तास. सुमारे सहा वर्षे.

२००० तासांचे, १०५ अंशांचे धारित्र: अंतर ४० अंश, म्हणजे चारदा दुप्पट. २००० × १६ = ३२,००० तास. सुमारे चोवीस वर्षे.

हे गणित ढोबळ आहे. वर्षभर ४० अंश नसतात, आणि धारित्रातून वाहणाऱ्या प्रवाहामुळेही ते तापते. तरीही त्यातून जे दिसते ते महत्त्वाचे आहे. दोन धारित्रांच्या किमतीत फरक थोडाच असतो, पण आयुष्यात चौपट पडतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. संगणक 'शट डाउन' केला तरी भिंतीवरील बटण चालू असेल तर एसएमपीएसचा एक भाग चोवीस तास जागा राहतो. तास मोजायचे तर ते वर्षाचे ८७६० होतात. म्हणून शाळा सुटताना कक्षाचा मुख्य स्विच बंद करणे ही काहीही खर्च नसलेली दीर्घायुष्याची युक्ती आहे.

वाईट धारित्रे काय करू शकतात याचे उदाहरण मोठे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाची धारित्रे अनेक नामवंत उत्पादकांच्या मदरबोर्डांत शिरली. ती फुगून फुटू लागली. 'ऑप्टिप्लेक्स' मालिकेतील अशा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी 'डेल' कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. म्हणजे नाव मोठे असले म्हणून आतला भाग तपासायचा नाही, असे होत नाही. आज बऱ्याच मदरबोर्डांवर द्रव नसलेली घन पॉलिमर धारित्रे असतात. ती मागून घ्यावीत.

एसएमपीएसवरचे लेबल वाचणे हा दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमणारा प्रयोग आहे. लेबलावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' असते. आजचा संगणक जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टच्या तारांतून घेतो. म्हणून लेबलावरील १२ व्होल्टसमोरचे अँपिअर पाहावेत आणि गुणाकार करावा. १४ अँपिअर असतील तर १२ × १४ = १६८ वॅट. मग उरलेले जवळजवळ तीनशे वॅट कोठे गेले, हे विक्रेत्याला विचारावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या शाळेच्या यंत्राला १६८ वॅटही पुरतात, हा भाग निराळा. पण जो लेबलावर फुगवून सांगतो तो आत काय घालतो, याचा अंदाज येतो. २००४ पासून '८० प्लस' नावाचे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र दिले जाते. आत शिरलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के उपयोगी पडावी, अशी त्याची मूळ अट आहे. कार्यक्षमता जास्त म्हणजे वाया जाणारी उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे वर पाहिलेल्या गणिताप्रमाणे आयुष्य जास्त.

मस्तगडाची गढी असफजाहाच्या आदेशाने काबिलखानाने १७२५ मध्ये बांधली, आणि गढीवरील फारसी शिलालेख त्या बांधकामाची नोंद देतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर एवढी माहिती मिळते. दरपत्रकातील एसएमपीएसबद्दल मात्र तो कोणी आणि कधी बनवला, एवढेही आम्हाला कळू शकले नाही.

सायकलच्या चाकाचा धडा

टिकाऊपणाचा दुसरा अर्थ आहे बदलता येणे. गावातील सायकल वर्षानुवर्षे चालते, कारण तिचे टायर, चेन आणि ब्रेकचे रबर कोणत्याही दुकानात मिळते. ते माप सर्वांनी मान्य केलेले आहे. संगणकातही असे माप आहे. १९९५ मध्ये ठरलेल्या 'एटीएक्स' मानकातील एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर आहे, आणि त्याच्या स्क्रूंच्या जागा आजही त्याच आहेत. जोडणीची पिन २० वरून २४ झाली, तरी पेटी तीच राहिली.

याउलट टेबलावर सुबक दिसणारी छोटी तयार यंत्रे पाहावीत. त्यांपैकी अनेकांचा एसएमपीएस त्या कंपनीच्या खास मापाचा असतो आणि मदरबोर्डाची जोडणीही खास असते. तो जळाला की छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात मिळत नाही, पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेलच असे नाही, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला तर जुन्या यंत्रातून काढलेला. आमच्या ओळखीच्या एका शाळेत असे सहा संगणक केवळ या एका भागापायी कपाटात जाऊन बसले. यंत्र छोटे असण्यात दोष नाही. बाजारात न मिळणाऱ्या मापाला 'आधुनिक' म्हणण्यात दोष आहे.

प्रोसेसर बसवण्याच्या खाचेबद्दलही हेच. एका उत्पादकाने २०१६ मध्ये आणलेली 'एएम४' खाच अनेक पिढ्यांच्या प्रोसेसरांना चालली. दुसऱ्याने २०१५ ते २०२४ या काळात डेस्कटॉपसाठी चार वेगवेगळ्या खाचा आणल्या. मात्र शाळा क्वचितच प्रोसेसर बदलते, म्हणून या मुद्द्याला फार वजन देऊ नये. रॅमची गोष्ट वेगळी. आज ८ गिगाबाइटची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा रिकामी ठेवावी आणि चार वर्षांनी गरज पडल्यास भरावी. रॅम मदरबोर्डालाच डाख देऊन जोडलेली असेल तर हा मार्ग बंद होतो.

साठवणुकीसाठी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी बरी, कारण तिच्यात हलणारा भाग नाही. 'ती लिहून लिहून झिजते' ही भीती खरी आहे, पण प्रमाण पाहावे. चांगल्या प्रतीच्या २५० गिगाबाइटच्या एसएसडीवर १५० टेराबाइट लेखनाची हमी मिळते. दिवसाला १० गिगाबाइट लिहिले तरी वर्षाचे २.२ टेराबाइट होतात आणि हमी संपायला ६८ वर्षे लागतात. एसएसडी मरते ती बहुधा न सांगता, अचानक. म्हणून मुलांच्या कामाची दुसरी प्रत ठेवणे अधिक महत्त्वाचे.

पंखा मात्र हलणारच. साध्या बुश बेअरिंगच्या पंख्यातील तेल उष्णतेने आटते. बॉल बेअरिंगचा पंखा जरा आवाज करतो पण उन्हाळा काढतो. धूळ काढताना ब्लोअरच्या झोताने पंखा भिरभिरू देऊ नये, पाते बोटाने धरावे.

पेटीच्या बाहेरचे दोन भाग

पहिला भाग वीज. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की जमिनीचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजावे. मापन विजेच्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर संगणक घेण्याआधी अर्थिंग सुधारावे. यूपीएसची बॅटरीही उष्णतेची शत्रू आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि तिच्या बदलीचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

दुसरा भाग सॉफ्टवेअर. 'विंडोज १०' चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि 'विंडोज ११' साठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेला 'जुनी' ठरली. त्यांचा एकही भाग जळला नव्हता. अशा यंत्रांवर लिनक्स चालते. 'सी-डॅक'ने २००७ पासून दिलेले 'बॉस' हे त्याचेच भारतीय रूप. नवे यंत्र घेताना 'यावर लिनक्स चालवून दाखवा' ही अट घालायला खर्च येत नाही.

नियम आडवा येतो का?

'आम्हाला सर्वात कमी दराचेच घ्यावे लागते,' असे शिक्षक सांगतात. नियमाचा हा अर्धाच भाग आहे. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांतील सर्वात कमी दर, असा तो पूर्ण नियम आहे. अटी लिहिण्याचा अधिकार शाळेचा आहे. आपण तेथे 'सुयोग्य' एवढेच लिहितो आणि मग स्वस्त माल आला म्हणून नियमाला दोष देतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

समजा एक यंत्र ३०,००० रुपयांना मिळाले आणि पाच वर्षे चालले. वर्षाचा खर्च ६००० रुपये. दुसरे ३४,००० चे, त्यावर दुरुस्तीचे ४००० आणखी गेले, आणि ते नऊ वर्षे चालले. वर्षाचा खर्च सुमारे ४२२२ रुपये. तुलनात्मक तक्त्यात हा रकाना नसतो. तो आपण घालावा.

उलट टोकाची चूकही सांगितली पाहिजे. 'पुढे लागेल' म्हणून आजच महागडा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड घेणारे असतात. त्यातून उष्णता वाढते, एसएमपीएसवर ताण येतो, आणि जे पुढे लागेल असे वाटले ते बहुधा लागतच नाही. नाकापेक्षा मोती जड करण्यात दीर्घायुष्य नाही. मधल्या दर्जाचा प्रोसेसर घ्यावा आणि वाचलेले पैसे त्या पाचव्या ओळीत घालावेत.

मस्तगडच्या शाळेने शेवटी तक्ता परत पाठवला आणि अटी नव्याने लिहिल्या: एटीएक्स मापाचा, '८० प्लस' प्रमाणित एसएमपीएस, उत्पादकाचे नाव व मॉडेल लेखी, घन धारित्रांचा मदरबोर्ड, रॅमची एक जागा मोकळी, एसएसडी, लिनक्स चालवून दाखवणे, आणि हमीच्या काळात शाळेने स्वच्छतेसाठी पेटी उघडली तर हमी रद्द होणार नाही. तीनपैकी एका विक्रेत्याने माघार घेतली. इतर दोघांनी दर दिले. ते पहिल्यापेक्षा थोडे जास्त होते, म्हणून दहाऐवजी नऊच संगणक आले. यावर शाळेत नाराजी झाली, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. एका वर्गाला एका यंत्रावर तिघांनी बसावे लागते. आमच्या मते तो सौदा योग्य होता, पण त्याची किंमत आजच्या मुलांनी दिली आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे.

म्हणून त्या मुलांना मोबदला मिळायला हवा, आणि तो पेटी उघडण्याच्या अधिकाराच्या रूपाने देता येईल. केरळने २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी मंडळे सुरू केली. तेथे मुलांना इतर विषयांबरोबर संगणकाच्या भागांचेही प्रशिक्षण दिले जाते. आपल्याकडे त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहायला नको. निर्लेखनाच्या वाटेवरचे एक यंत्र घ्या, वीज पूर्ण तोडा, आणि मुलांना भाग ओळखू द्या. फक्त एसएमपीएसची पेटी कधीही उघडू देऊ नका, त्यातील धारित्रांत वीज तोडल्यावरही धोकादायक भार उरू शकतो. लेबल बाहेरूनच वाचता येते.

पूर्ण पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची आपल्या शाळांतील सवय त्या दिवशी आपोआप सुटेल. आणि पुढच्या वेळी दरपत्रक आले, की पाचव्या ओळीत काय लिहिले नाही, हे विचारणारे कोणी तरी त्याच वर्गातून निघेल.